मराठवाड्याच्या विद्यापीठांनी उकलणारा बोर्ड करावा

यंदा सीईटीचा निकाल लागल्यापासून आमच्याकडं सगळे चिप चिप करायलेत. संभाजीनगरपासून नांदेडपर्यंत कॉलेजांचे फ्लेक्स बघा, व्हीएलएसआय (म्हणजे चिपचं डिझाइन), सेमीकंडक्टर, वर निळ्या उजेडातल्या चिपचा फोटो, खाली पॅकेजचे आकडे, आणि पालकही बिचारे विचारतात की सर ह्याला स्कोप आहे ना. स्कोप आहे, नाही असं नाही. केंद्रानं २०२१ मध्ये ७६ हजार कोटींचं सेमीकंडक्टर मिशन काढलं, धोलेऱ्यात टाटांचा ९१ हजार कोटींचा फॅब, म्हणजे चिप बनवायचा कारखाना, येतोय, आणि २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉनचा चिप प्रकल्प तळेगावहून गुजरातला गेला तेव्हा आपल्याकडं केवढी बोंबाबोंब झाली ते आठवत असेलच. (पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडलं, त्याची बातमी मात्र आतल्या पानावर.)

माझा चिपला विरोध नाही. पोरांनी शिकावं, बंगळुरूला जावं, कमवावं. पण पोरांना काय शिकवायचं आणि विद्यापीठानं संशोधन कशावर करायचं हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि आपण दोन्हीची खिचडी करून ठेवलीय. संशोधनाबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. तीन नॅनोमीटरच्या, म्हणजे अतिबारीक चिपच्या, शर्यतीत आपली विद्यापीठं ना उतरू शकतात ना उतरायची गरज आहे, पण इलेक्ट्रॉनिक्स कमी पाण्यात, कमी विषात कसं करायचं आणि मेल्यावर ते परत उकलून त्यातला जिवंत माल पुन्हा कसा वापरायचा, ह्या कामात मराठवाडा आज सुद्धा हात घालू शकतो, आणि घालायलाच पाहिजे.

आधी पाणी, कारण आपल्याकडं कुठलंही बोलणं शेवटी पाण्यावरच येतं. चिप बनवताना वेफर, म्हणजे सिलिकॉनची पातळ चकती, पुन्हा पुन्हा धुवावी लागते, तेही साध्या पाण्यानं नाही, अतिशुद्ध पाण्यानं, ज्यात क्षार नाही, जंतू नाही, काहीच नाही. मोठ्या फॅबला दिवसाला एक कोटी लिटरच्या वर पाणी सहज लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला जलदूत ही पाण्याची रेल्वे यायची ती पहिल्यांदा ५ लाख लिटर घेऊन आली, नंतर ५० वाघिणींची गाडी २५ लाख लिटर आणायला लागली, म्हणजे एका फॅबसाठी अशा चार गाड्या रोज. फॅबवाले बरंचसं पाणी फिरवून वापरतात हे मान्य, पण तैवानसारख्या पावसाच्या देशात २०२१ ला दुष्काळ पडला तेव्हा सरकारनं भातशेतीचं पाणी तोडलं, शेतकऱ्यांना भरपाई दिली आणि चिप कंपन्या टँकरनं पाणी आणत होत्या. टँकर काय असतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. जायकवाडीच्या पाण्यावरून दर दोन-तीन वर्षांनी नगर-नाशिकशी कोर्टात भांडणाऱ्या भागात फॅबचं स्वप्न बघायचं म्हणजे आधी हे गणित मांडायला पाहिजे.

बरं, पाण्यावर संपत नाही. चिपवर नक्षी कोरायला आणि मशीनचे चेंबर साफ करायला जे फ्लोरिनवाले वायू वापरतात त्यातला कार्बन टेट्राफ्लोराइड एकदा हवेत सुटला की पन्नास हजार वर्षं तिथंच. नायट्रोजन ट्रायफ्लोराइड कार्बन डायऑक्साइडपेक्षा किलोमागं सतरा हजार पट तापवतो. २००२ मध्ये एरिक विल्यम्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एका मेमरी चिपचा हिशोब काढला होता, दोन ग्रॅमची ३२ एमबीची चिप, आणि तिच्यामागं १६०० ग्रॅम इंधन, ७२ ग्रॅम रसायनं आणि ३२ लिटर पाणी. आज तंत्र बदललं, आकडे बदलले असतील, पण मुद्दा तोच राहतो की हातात दोन ग्रॅम येतात आणि मागं किलोकिलोनं खपतं. मोबाइलच्या बाबतीत तर फोनच्या सगळ्या आयुष्यातल्या कार्बनचा मोठा वाटा तो बनवतानाच खर्च झालेला असतो, आपण चार्जिंगला लावतो ती वीज त्यामानानं किरकोळ. त्यामुळं फाइव्ह स्टार घेतला, एलईडी लावला, वीज वाचवली असं म्हणून इलेक्ट्रॉनिक्सपुरतं तरी हात झटकता येत नाहीत. वस्तू जास्त वर्षं चालली पाहिजे आणि तिच्यातली चिप दुसरीकडं परत लागली पाहिजे, खरा फायदा तिथं आहे.

आता हे आमच्याकडं कसं दिसतं ते सांगतो. सेलूत एका ओळखीच्या पोराचं रिपेअरिंगचं दुकान आहे, मोबाइलपेक्षा जास्त त्याच्याकडं आता शेतातल्या मोटारीचे, फोनवरून चालू करायचे मोबाइल स्टार्टर आणि सोलर पंपाचे कंट्रोलर येतात. रात्रीची लाइट, मध्येच व्होल्टेज उसळतं, आतला सर्किटचा बोर्ड जातो. मी बसलो होतो तेव्हा एक म्हातारबाबा पिशवीत गुंडाळून स्टार्टरचा बोर्ड घेऊन आले. पोरानं पेटी उघडली तर आतला सगळा बोर्ड काळ्या इपॉक्सीत बुडवलेला, डांबरासारखा घट्ट. "मामा, ह्येला खालीवर केमिकल ओतलंय, काय गेलंय ते दिसतच नाही, नवाच घ्यावा लागंल." मामा म्हणाले, "अरे बघ की जरा, गहू पाण्याला आलाय." मग त्यानं हीट गननं तापवत, स्क्रूड्रायव्हरनं एका कोपऱ्याचं काळं खरवडत खरवडत रस्ता केला तर इनपुटला लावलेला एमओव्ही, म्हणजे उसळलेलं व्होल्टेज अंगावर घेणारा पार्ट, फुटलेला. काही रुपयांचा माल. त्याच्याकडं मेलेल्या बोर्डांचा डबा असतो, त्यातला एक काढून लावला. पण खरवडताना शेजारचा ट्रॅक तुटला तो जम्पर मारून जोडला, आणि मला म्हणाला की दहातले सहा-सात असे खरवडतानाच मरतात. ते सहा-सात कुठं जातात? भंगारात. भंगारवाला काय करतो, तांब्यासाठी जाळतो. गावाच्या कडंला त्याचा वास येतो तो सगळ्यांना माहीत आहे.

जगाचं चित्र ह्यापेक्षा फार वेगळं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणं २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इ-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे. आपल्याकडं २०२२ चे इ-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेत, कंपन्यांवर जबाबदारी टाकलीय, पण किती माल रिसायकल केला त्याच्या सर्टिफिकेटचं गणित सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम ह्या धातूंवर चालतं. म्हणजे बोर्ड दळा, जाळा, वितळवा, धातू काढा, झालं. त्या बोर्डावर चांगला जिवंत मायक्रोकंट्रोलर, म्हणजे बोर्डाचा मेंदू असलेली चिप, होता, ज्याच्यामागं ते सगळं पाणी आणि वायू खर्ची पडलेत, त्याची किंमत त्या हिशोबात शून्य. धातू वाचला आणि मेहनत जळाली.

ह्याच जागी जगातली काही विद्यापीठं काम करायलीत, आणि गंमत म्हणजे त्यातलं बरंचसं काम असं आहे की ते वाचताना मला सारखं वाटतं हे तर आपल्या बांधावरचं आहे. लिस्बनला एल्विरा फॉर्चुनातोच्या ग्रुपनं २००८ मध्येच कागदावर ट्रान्झिस्टर, म्हणजे चिपमधला बारीक स्विच, करून दाखवला. विस्कॉन्सिनमध्ये २०१५ साली चिपच्या खालचा नुसता आधार देणारा थर लाकडातल्या नॅनोसेल्युलोजचा, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचा, केला, कारण चिपमध्ये खरं काम करणारा भाग वरचा पातळसा असतो, खालचा सगळा ओझं. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या लोकांनी २०२२ मध्ये चक्क बुरशीच्या कातड्यावर सर्किट छापलं. आणि ज्याच्यामुळं मी हा लेख लिहायला बसलो ते काम वॉशिंग्टन विद्यापीठाचं, २०२४ चं. आपला नेहमीचा हिरवा बोर्ड म्हणजे काचेचं कापड आणि इपॉक्सी, ते इपॉक्सी एकदा कडक झालं की परत मऊ होतच नाही. ह्यांनी त्याच्या जागी व्हिट्रिमर नावाचं पॉलिमर वापरलं, ज्याच्यातले बंध सुटून परत जुळू शकतात. ठरावीक द्रवात टाकलं की बोर्ड फुगून जेलीसारखा होतो, वरचे पार्ट धक्का न लागता निघतात, काचेचं कापड सगळं परत मिळतं आणि पॉलिमर ९८ टक्के. इंग्लंडमध्ये जवसाच्या धाग्याचा बोर्ड केलाय, सोल्युबोर्ड म्हणतात त्याला, तो गरम पाण्यात सुटतो.

आता मराठवाड्याकडं या. पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या काड्या, आपल्याकडं किती निघते ते सांगायला नको, चुलीत जाते नाहीतर शेतातच पेटवतात. त्या पऱ्हाटीत सेल्युलोज आहे, आणि कापसापासून नॅनोसेल्युलोज काढायचं काम मुंबईच्या सिरकॉट ह्या कापूस संशोधन संस्थेनं केलेलं आहे, पायलट प्लँटसकट, म्हणजे शून्यापासून सुरुवात नाही. साखर कारखान्यांचं बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आहे. आणि लातूरचं सोयाबीन! सोयाबीनच्या तेलापासून इपॉक्सी होतं हे जुनंच ज्ञान, पण २०१३ मध्ये अर्जेंटिनातल्या संशोधकांनी ते तेल आणि सायट्रिक ॲसिड ह्यांचंच असं पॉलिमर केलं की जे चिरलं तर तापवल्यावर आपलं आपण जुळतं, म्हणजे त्याच व्हिट्रिमरच्या घराण्यातलं. अर्जेंटिना सोयाबीनचा देश, त्यांना ते सुचलं. आपण सोयाबीनच्या भावासाठी रास्ता रोको करतो, जो करायलाच पाहिजे, पण लातूरच्या एखाद्या केमिस्ट्री विभागात सोयाबीन तेलाच्या रेझिनवर कुणी झटतंय असं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल की एवढं सोपं असतं तर झालं असतं. सोपं नाहीच. असलं तेलाचं पॉलिमर रबरासारखं मऊ निघतं आणि शिसं नसलेलं सोल्डर २१७ अंशाच्या पुढं वितळतं, ओव्हनमध्ये बोर्ड अडीचशे अंशाच्या आसपास जातो, तिथं टिकेल असं करायचं म्हणजे डोकं लागणार. सेल्युलोज पाणी पितं, आणि आपल्याकडं मे महिन्यात ४३ डिग्री आणि जुलैमध्ये भिंती ओल्या, त्यात बोर्ड वाकला की पार्टचे पाय उखडले. आग धरू नये म्हणून नेहमीच्या बोर्डात ब्रोमिनची रसायनं घालतात, ती न घालता कसं भागवायचं हाही प्रश्न. पण हेच तर संशोधनाचे विषय आहेत ना? आणि ह्यातल्या एकालाही हजारो कोटींची क्लीन रूम लागत नाही. ओव्हन लागतं, प्रेस लागतं, व्होल्टेज सोसण्याची आणि ओलाव्याची चाचणी लागते, दोन-चार कोटीच्या आत बसणारी लॅब.

उलट आपल्या फिजिक्सवाल्यांकडं जे आहे तेच ह्या कामाला चालतं हे त्यांच्या लक्षात का येत नाही कळत नाही. मराठवाड्यातल्या कॉलेजांच्या फिजिक्स विभागांत वर्षानुवर्षं दोनच गोष्टी चालतात, फेराइट म्हणजे लोहाचे चुंबकी पदार्थ आणि थिन फिल्म म्हणजे पातळ थर. झिंक ऑक्साइडची थिन फिल्म, स्प्रे पायरोलिसिसनं, म्हणजे तापलेल्या काचेवर द्रावण फवारून, नाहीतर बीकरमधल्या केमिकल बाथनं, काचेच्या पट्टीवर. मोठ्या शहरातले लोक ह्या पद्धतींना हसतात, गरिबांचं तंत्र म्हणून. पण कमी तापमान, पाण्यातलं द्रावण, व्हॅक्यूम नाही, महागडा वायू नाही, ही तर पर्यावरणाच्या बाजूनं पहिल्या नंबरची पद्धत झाली की. आणि झिंक ऑक्साइड हा विरघळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा लाडका माल आहे. जॉन रॉजर्सच्या ग्रुपनं २०१२ मध्ये सिलिकॉन, मॅग्नेशियम आणि रेशीम वापरून पाण्यात विरघळून जाणारी सर्किटं दाखवली, त्यानंतर जस्त आणि झिंक ऑक्साइड ह्या कामात सगळीकडं दिसायला लागलं. सेलूच्या त्या मामांच्या बोर्डावरचा फुटलेला एमओव्ही सुद्धा मुख्यतः झिंक ऑक्साइडचाच असतो. म्हणजे ज्या पदार्थावर आपल्याकडं इतक्या पीएचड्या झाल्यात तोच आमच्या शेतकऱ्याच्या स्टार्टरमध्ये दरसाल फुटतो, आणि ह्या दोघांची आजपर्यंत गाठ पडलेली नाही. प्रत्येक पेपरच्या शेवटी लिहायचं की हा पदार्थ गॅस सेन्सरसाठी आशादायक आहे, आणि सेन्सर कुणीच करायचा नाही. पंधरा वर्षं आशादायकच चाललंय.

आणि एक कडू गोष्ट. काही लॅबांत कॅडमियम सल्फाइडची फिल्म करतात, बीकरमध्ये छान पिवळं होतं, काचेची पट्टी बाहेर काढायची, तपासायला एक्सआरडी मशीनला पाठवायची, आणि बीकरमधलं उरलेलं पिवळं पाणी बेसिनमध्ये. नळ सोडला की संपलं. कॅडमियम म्हणजे किडनी आणि हाडं खाणारं विष, बेसिनची पाइप कुठं जाते ते प्राचार्यांनाही माहीत नसतं. पर्यावरणपूरक इलेक्ट्रॉनिक्सवर सेमिनार घेणाऱ्या विभागात हे होतं तेव्हा सेमिनारच्या बुकेला काय अर्थ राहिला सांगा.

शेतीचं अंग तर अजून मोठं आहे. आता सगळे एआय शेती, सेन्सर शेती म्हणायलेत, परभणीच्या कृषी विद्यापीठात नाहेप ह्या कृषी उच्च शिक्षणाच्या राष्ट्रीय योजनेतून डिजिटल शेतीचा प्रकल्प झाला, ड्रोन आले, चांगलंच आहे. पण एकरी एक जरी ओलाव्याचा सेन्सर काळ्या रानात पुरला तर दोन हंगामांनी तो मेल्यावर उकरून कोण काढणार? उन्हाळ्यात भेगा पडतात त्यात वायर तुटते, पावसाळ्यात माती फुगते त्यात खांब कलतो, रोटाव्हेटरखाली आला की बॅटरीसकट तुकडे तुकडे रानात. लिथियमची बॅटरी, ब्रोमिनचं प्लास्टिक, सगळं आपल्याच मातीत. इथं विरघळणारा सेन्सर नुसती हौस राहत नाही. सेल्युलोजचा आधार, जस्ताचा ट्रॅक, हंगामभर चालला की मातीत जिरला. आपल्या जमिनीत जस्त कमी आहे, शेतकरी झिंक सल्फेट विकत आणून टाकतो, सेन्सरमधल्या जस्तानं पीक काही तरारणार नाही, चिमूटभर असतं ते, पण निदान विष तरी नाही पडणार. आणि त्याची बाकी चिप, रेडिओ, बॅटरी बांधावरच्या एका डब्यात ठेवायची, उचलून परत वापरता येईल अशी. ही विभागणी कुठं करायची, किती दिवसात विरघळलं पाहिजे, काळ्या मातीत किती आणि मुरमाड रानात किती, हे बेल्जियमच्या लॅबमध्ये बसून कळणार नाही. त्याला परभणीचं रान लागतं.

आता विरोधी मुद्दे, कारण चहाच्या टपरीवर हे बोललो की तिथंच सुरू होतात. पहिला, की पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं काम, आम्हाला आधी नोकऱ्या पाहिजेत. मग नोकऱ्यांचंच बघू. चितेगावला व्हिडिओकॉनमध्ये आमच्या मागच्या पिढीतल्या कित्येकांनी टीव्हीचे बोर्ड भरले, सोल्डर केले, कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ते हात बसले. आज शेंद्रा-बिडकीनला ईव्ही येतेय, गावागावात सोलर पंप बसलेत, ह्या सगळ्याच्या पोटात बोर्ड आहेत आणि ते सगळे एक दिवस मरणार आहेत. ते उघडणं, तपासणं, पार्ट काढणं, ग्रेड लावून परत विकणं ह्यात सेलूसारख्या तालुक्याच्या गावात जितके हात लागतील तितके फॅबमध्ये लागणार नाहीत, फॅबमध्ये माणूस कमी आणि मशीन जास्त. पण हा धंदा तेव्हाच उभा राहील जेव्हा बोर्ड उकलण्यासारखा असेल, आणि जुन्या चिपवर भरवसा ठेवता येईल अशी चाचणी कुणीतरी बसवून दिलेली असेल. ती चाचणी बसवणं हे विद्यापीठाचं काम, दुकानदाराचं नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे आणि तो मला पटतो सुद्धा. बोर्ड पऱ्हाटीचा केला म्हणून चिपचा कार्बन कमी होत नाही, ओझं सगळं सिलिकॉनमध्ये आहे, बोर्ड हा त्यामानानं छोटा हिस्सा. बरोबर. म्हणूनच मी बोर्ड हिरवा असावा ह्यापेक्षा तो उकलावा ह्यावर जोर देतोय. नुसता कुजणारा बोर्ड केला आणि त्याच्याबरोबर जिवंत चिपही उकिरड्यावर गेली तर आपण काय मिळवलं? बायोडिग्रेडेबल म्हटलं की टाळ्या पडतात, फोटो येतो, पण टाळ्यांसाठी संशोधन करायचं असेल तर फेराइट काय वाईट होतं.

तिसरा, की गाईड कोण, पैसा कुठला. पैसा अगदीच नाही असं नाही, २०२३ च्या कायद्यानं झालेल्या अनुसंधान फाउंडेशनची पेअर नावाची योजना राज्य विद्यापीठांना मोठ्या संस्थांच्या जोडीनं काम करता यावं म्हणूनच आहे, आणि आयआयटी मुंबईची नॅनोची लॅब बाहेरच्या संशोधकांना वापरू द्यायची सोय आधीपासून आहे. संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारातच नायलिट ही केंद्राची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था आहे, पूर्वीचं सीईडीटीआय, ते काढलंच इलेक्ट्रॉनिक्स डिझाइनसाठी. नांदेडला एसजीजीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज आहे. केमिस्ट्री, फिजिक्स, माती, डिझाइन सगळं मराठवाड्यात आहे, फक्त संभाजीनगरचा फिजिक्सवाला परभणीच्या मृदाशास्त्रवाल्याला ओळखत नाही. मध्ये तीन-चार तासांची रेल्वे आहे. दोन विद्यापीठांत एक सामंजस्य करार होतो, कुलगुरूंचा हातात हात घेतलेला फोटो येतो आणि मग पुढं पोरगं माती मागायला गेलं की त्याला पत्र आणायला सांगतात.

त्यामुळं मोठ्या मिशनची वाट न बघता एक बारकी मागणी करतो. पीएचडीचा विषय आरआरसीसमोर, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीसमोर, येतो तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स, फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या प्रत्येक विषयाला तीन प्रश्न सक्तीनं विचारावेत. लॅबमधला टाकाऊ द्रव कुठं जाणार, कोण उचलणार. केलेली वस्तू मेल्यावर कशी सुटी होणार. आणि ती वस्तू लॅबच्या बाहेर, कुणाच्या तरी शेतात किंवा दुकानात, कधी लावून बघणार. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर विषय परत. ह्याला निधी लागत नाही, अध्यादेश लागत नाही, अर्जाच्या फॉर्ममध्ये तीन रकाने वाढवायचेत, आणि ते पुढच्या बैठकीच्या आधी वाढवता येतात.